पेटी कुणाची?

किल्ली हरवली म्हणजे माणसाला पहिला राग येतो तो कुलपाचा. वस्तुतः कुलपाने काहीच केलेले नसते. काल ते ज्या इमानाने दाराला लटकत होते, त्याच इमानाने ते आजही लटकत असते. बदललेले असतो आपण. काल त्याच्या मजबुतीवर विसंबून आपण निर्धास्त झोपलो; आज त्याच मजबुतीला आपण हट्ट म्हणतो. तेच तेच खिसे तीनतीनदा चाचपतो, घरातल्या साऱ्या जुन्या किल्ल्यांचा जुडगा आणून एकेक लावून पाहतो, मग केसांतला आकडा, मग स्क्रू-ड्रायव्हर, आणि शेवटी वरवंटा. त्या वेळी मनात जी इच्छा असते ती नीट शब्दांत मांडली तर अशी होईल : या कुलपाने जगातल्या सगळ्यांना अडवावे, फक्त मला अडवू नये, आणि मी तो मीच, हे त्याने किल्लीवाचून ओळखावे.

ही इच्छा वेडगळ आहे हे खरे. पण नीतीच्या क्षेत्रात आपण जो घोळ घालतो तो बहुतेक याच जातीचा असतो. नियम सर्वांना हवा आणि सवलत मला हवी. कुलूप मात्र या बाबतीत आपल्यापेक्षा सरळ आहे. ते किल्ली ओळखते, माणूस ओळखत नाही. चोराच्या हाती किल्ली पडली तर ते चोरापुढे निमूट उघडते, आणि धन्याच्या हातून ती विहिरीत पडली तर धन्याला दारात उभे करते. एरवी हातात किल्ली आहे एवढ्यावर आपली मालकी सिद्ध होऊन जाते. कुणी काही विचारत नाही आणि आपणही स्वतःला काही विचारत नाही. किल्ली हरवली, की तो न विचारलेला प्रश्न समोर येऊन उभा राहतो : हे तुझे कशावरून?

मला हा प्रश्न २०१९ सालच्या मे महिन्यात एका किल्लीवाल्याने विचारला. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. पण तिच्यातून मला जे वाटले ते कळण्यासाठी आधी कुलूप म्हणजे काय याचा थोडा विचार केला पाहिजे.

कुलूप म्हणजे अडथळा, अशी आपली समजूत असते. ती पुरती खरी नाही. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा एक कुशल कारागीर होऊन गेला. त्याने १७८४ साली एका कुलपाचे पेटंट घेतले, आणि पुढे त्याच्या दुकानाच्या खिडकीत तसले एक कुलूप आव्हान म्हणून टांगले गेले : जो हे किल्लीवाचून उघडील त्याला दोनशे गिनी. अर्धशतकाहून अधिक काळ ते कुणाला उघडले नाही. १८५१ सालच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनासाठी अमेरिकेहून आलेला आल्फ्रेड हॉब्ज त्याच्यापुढे बसला आणि सोळा दिवसांत मिळून सुमारे एकावन्न तास खपून त्याने ते उघडले. त्याआधी त्याने चब्ब यांचे तितकेच नावाजलेले कुलूप अर्ध्या तासाच्या आतच उघडून दाखवले होते. इंग्लंडात त्यावर मोठा वाद माजला. कुलपातली व्यंगे अशी चव्हाट्यावर मांडावीत का, त्याने चोरांचे फावणार नाही का, असे लोक विचारू लागले. हॉब्जच्या बाजूने उत्तर आले ते साधे होते : चोरांना ही व्यंगे आधीपासूनच ठाऊक असतात, अंधारात असतो तो भला माणूस.

तेव्हा उघडणारच नाही असे कुलूप नाही. मग त्याचे काम कोणते? याचे उत्तर मला त्या चब्बच्या कुलपातच सापडते. १८१८ साली जेरिमाया चब्बने त्याचे पेटंट घेतले त्यात एक नवीच युक्ती होती. कुणी खोटी किल्ली किंवा तार घालून आतली पट्टी प्रमाणाबाहेर उचलली, तर ती तिथेच अडकून बसे. मग धनी खरी किल्ली घेऊन आला तरी कुलूप लगेच उघडत नसे. आधी ती अडकलेली पट्टी सोडवावी लागे. म्हणजे ते कुलूप धन्याला सांगत असे, की तुझ्यामागे कुणीतरी येथे हात घालून गेले आहे. केवळ अडवणे हे त्याचे काम नव्हते. साक्ष देणे हेही होते.

आपल्या घरगुती कुलपांचे तर याहून स्पष्ट आहे. बाजारातून आपण पाच लिव्हरचे, सात लिव्हरचे भक्कम कुलूप पारखून आणतो, आणि ते ज्या कोयंड्यात अडकवतो तो कोयंडा जुन्या फळीत चार गंजक्या स्क्रूंनी धरलेला असतो. ज्याला घरात शिरायचेच आहे तो कुलपाच्या वाटेला जाणारच नाही. तो कोयंडाच उचकटील. हे आपल्यालाही ठाऊक असते. तरी आपण कुलूप लावतो, कारण कुलूप हा लोखंडात लिहिलेला एक शब्द आहे : 'येथून पुढे विचारल्यावाचून नको.' हा शब्द मानायचा की नाही, हे वाचणाऱ्यावर असते. शनिशिंगणापूरला घरांना दारे-कुलुपे न लावण्याची परंपरा आहे, आणि २०११ साली तेथे एका बँकेने बिनकुलपाची शाखाही उघडली. तेथे तोच शब्द देवाच्या धाकाने बोलला जातो, एवढाच फरक. तेथेही अधूनमधून चोरीच्या तक्रारी नोंदल्या गेल्याच. शब्द लोखंडाचा असो की श्रद्धेचा, तो मोडता येतो. मोडता येतो म्हणूनच तो पाळण्याला काही अर्थ आहे.

आता माझ्या आत्याची पेटी.

माझी आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी, कोकणातल्या आमच्या घरी, परत आली आणि पुढची जवळजवळ सत्तर वर्षे माजघरामागच्या एका खोलीत राहिली. तिच्या मालकीची म्हणता येईल अशी एकच वस्तू त्या घरात होती : फणसाच्या लाकडाची एक पेटी. पेटीला पितळी अलीगढी कुलूप असे आणि किल्ली तिच्या कनवटीला. आम्ही मुले सुटीत गेलो म्हणजे ती त्या पेटीतून खडीसाखर काढून देई; पण झाकण उघडे असताना पाठ अशी धरी, की आत काय आहे ते कुणाला दिसू नये. २०१९ च्या फेब्रुवारीत ती गेली. त्या गडबडीत किल्ली कुठे गेली कुणाला कळले नाही. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी कौले परतायची होती, तिच्या खोलीच्या वाशांना वाळवी लागली होती, आणि पेटी हलवल्यावाचून काम होणार नव्हते. माझ्या चुलतभावाने मला मुंबईहून बोलावून घेतले. तो घरी राहतो, मी वर्षातून चार दिवस जातो. तरी मला वगळून पेटीला हात लावणे त्याला बरे वाटले नाही.

दादाने तालुक्याच्या बाजारातून किल्लीवाला आणला. साठीचा माणूस, खांद्याला पिशवी, पिशवीत कोऱ्या किल्ल्यांची माळ, दोन-तीन कानशी आणि एक मेणबत्ती. त्याने पेटीपुढे बैठक मारली, कुलूप तळहातावर तोलून पाहिले आणि हातोडी काढण्याऐवजी विचारले,

"पेटी कुणाची, भाऊ?"

"आत्याची," दादा म्हणाला.

"त्या कुठे आहेत?"

"वारली. तीन महिने झाले."

"मग चार जण बोलवा. त्यांच्यासमोर उघडतो. आणि तोडणार नाही. किल्ली करून देईन."

त्याला कायद्याची कलमे पाठ असतील असे नाही. पण त्याचे म्हणणे कायद्याला धरूनच होते. १८६० च्या दंड संहितेत अप्रामाणिक हेतूने बंद पेटी उघडणे हा स्वतंत्र गुन्हा होता, आणि मेलेल्या माणसाच्या ताब्यातली वस्तू, ती खऱ्या हक्कदाराच्या हाती पडण्यापूर्वी, अप्रामाणिकपणे लाटणे हा दुसरा. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी हे दोन्ही गुन्हे तिच्यातही आहेत. दोहोंचे मर्म एकाच शब्दात आहे : हेतू. कुलूप उघडणारा हात चोराचा आणि धन्याचा सारखाच दिसतो. हेतू दिसत नाही. म्हणून साक्षीदार लागतात.

वहिनी शेजारी बोलावणे पाठवायला उठल्या, आणि त्याच क्षणी मी म्हणालो, "पेटी उघडूच नये असे मला वाटते."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मग मी बोललो, आणि चांगले बोललो. माणूस गेले म्हणून त्याचे खाजगीपण संपते का? तिने सत्तर वर्षे जी वस्तू कुणाला दाखवली नाही ती आता केवळ ती अडवायला नाही म्हणून आपण पाहायची? उघडता येते म्हणून उघडावे, हा काय न्याय झाला? बाईला सबंध घरात एक हातभर जागा स्वतःची होती. तेवढी तरी तिला राहू द्या. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. दादा मात्र थोडा वेळ वाशांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "तुझं खरं आहे. पण ते वाळवीला कोण सांगणार?"

मी जे बोललो त्यात खोटे वाक्य एकही नव्हते. आजही मला ते सारे मुद्दे पटतात. आणि तरीही मी त्या वेळी खोटे बोलत होतो.

त्याचे कारण असे. आजोबा १९६२ साली वारले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आत्याला त्यांच्या मिळकतीत वाटा होता. १९६४ साली तिने तालुक्याला जाऊन आपल्या दोघा भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले. त्या काळी बहिणी तसे करीत. आजही करतात, आणि कागदावर सही करताना भावाच्या घरचा हळदीकुंकवाचा मान आपल्याला राहावा एवढेच बहुधा त्यांच्या मनात असते. काकांनी तिला घरात ठेवायचे आणि माझ्या वडिलांनी मुंबईहून दरमहा पंधरा रुपये पाठवायचे, असे तोंडी ठरले होते. काकांनी, आणि त्यांच्यामागे दादाने, आपला शब्द शेवटपर्यंत पाळला. वडिलांचे काय झाले ते मला नक्की ठाऊक नव्हते. पण मी कॉलेजात गेलो त्या वर्षी एका रात्री आई वडिलांना विचारत होती, "वन्संचे या महिन्यातही राहिले का?" ते वाक्य मी ऐकले होते, आणि ते ऐकले नाही असे स्वतःला सांगून छत्तीस वर्षे काढली होती. पेटीपुढे बसलो तेव्हा मला भीती वाटत होती ती आत्याचे गुपित उघडे पडण्याची नव्हती. आमचे उघडे पडेल, ही होती.

आपण साधारणपणे असे धरून चालतो, की बंद वस्तू उघडणाऱ्याने आपला हेतू तपासावा. न उघडणारा आपोआपच सभ्य. त्या दुपारी मला कळले की हे खरे नाही. कुलूप जसे मालाचे रक्षण करते तसे ते देणेकऱ्याचेही करते. दुसऱ्याची पेटी फोडणे ही चोरी असेल. पण आतला कागद आपल्याविरुद्ध आहे म्हणून पेटी बंद राहू देणे, आणि त्या बंद राहण्याला आदर असे नाव देणे, ही वेगळी कसली गोष्ट आहे? हॉब्जच्या काळच्या त्या वादातही हेच नव्हते का? व्यंगे झाकावीत असे म्हणणाऱ्यांत प्रामाणिक माणसे असतील, पण त्यांच्या आडोशाला कुलूप विकणारेही उभे होते.

माझे भाषण कुणी मानले नाही हे माझे भाग्य. शेजारचे दोघे, दादा आणि वहिनी असे चौघे बसले. वहिनींनी कुलूप सैल व्हावे म्हणून आदल्या दिवशी त्यात खोबरेल सोडले होते; त्यावरून किल्लीवाल्याने त्यांना हलकेच टोकले. खोबरेल आत चिकट होते आणि धूळ धरते. कुलपात घालायची ती पेन्सिलीच्या शिसाची पूड. मग त्याने मेणबत्ती पेटवली, कोरी किल्ली तिच्या ज्योतीवर धरून काजळीने काळी केली, कुलपात घालून जोराने पिळली आणि बाहेर काढून उजेडात धरली. जेथे आतल्या लिव्हरचा दाब बसला होता तेथे काजळीवर बारीक खुणा उठल्या होत्या. तेवढेच त्याने कानशीने घासले. पुन्हा काजळी, पुन्हा पीळ, पुन्हा कानस. तासभर हे चालले होते. मला ते पाहताना वाटले, हा माणूस कुलपाशी झगडत नाही. त्याला एकेक प्रश्न विचारतो आहे. अखेर किल्ली पूर्ण फिरली.

आत चार लुगडी होती, एक शाल, पितळेची गंगाजळी, खडीसाखरेचा डबा, आणि एका जुन्या उशीच्या अभ्य्रात बांधलेले मनीऑर्डरच्या कुपनांचे गठ्ठे. वर्षावर्षाचे वेगळे, दोऱ्याने बांधलेले. पाटल्यांची आशा कुणी धरली असेल तर ती फोल ठरली. "जुने कागद दिसतात," मी म्हणालो, आणि मला वडिलांची आठवण म्हणून हवे आहेत असे सांगून ते गठ्ठे माझ्या पिशवीत घातले. चार साक्षीदारांसमोर, दिवसाढवळ्या. किल्लीवाल्याने नवी किल्ली दादाच्या हाती दिली, पैसे मोजून घेतले आणि तो गेला. तो बिचारा हेतूची तेवढीच राखण करू शकत होता.

मुंबईला येऊन मी कुपने मोजली. ऑगस्ट १९६४ ते जून १९८३, दोनशे सत्तावीस. मधला एकही महिना गहाळ नव्हता. वडील काटेकोर होते, आणि आत्याही. जुलै १९८३ पासून पुढे काही नाही. जुलै १९८३ मध्ये मी कॉलेजात गेलो. तेव्हापासून ती जाईपर्यंत चारशे अठ्ठावीस महिने होतात. पंधरा रुपयांप्रमाणे सहा हजार चारशे वीस रुपये. हा आकडा पाहून मला जी लाज वाटली ती तो मोठा असता तर वाटली नसती. इतक्या थोड्यासाठी एका बाईने छत्तीस वर्षे दरमहा पोस्टमनची वाट पाहिली असेल, आणि एकदाही मागितले नाही.

हे पैसे द्यावेत तरी कुणाला? तिला मूलबाळ नव्हते. वडिलांकडून आलेल्या मिळकतीला, निपुत्रिक बाईच्या मागे, कायद्याने वारस वडिलांकडचेच. म्हणजे फिरून आम्हीच. देणेकऱ्याचा मुलगाच येणेकऱ्याचा वारस, असा हा हिशेब आहे. एखाद्या संस्थेला देणगी द्यावी हे सुचले, आणि तसे करणे वाईट नाही. पण ते दान होईल, फेड होणार नाही. मनीऑर्डरच्या पावतीवर घेणाऱ्याची सही लागते. ती सही आता मिळणार नाही.

एक गोष्ट तेवढी हातात होती : सांगणे. तीही मी वर्षभर टाळली. २०२० च्या मार्चात टाळेबंदी आली, माणसे घराघरांत अडकली आणि मनात साठलेले बोलायला वेळ झाला. एका संध्याकाळी मी दादाला फोन करून सारे सांगितले. कुपने, जुलै १९८३, आईचे ते वाक्य, आणि पेटी उघडू नये म्हणून मी केलेले भाषण. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आम्हाला ठाऊक होतं रे. पोस्टमन आमच्याच दारात यायचा ना. यायचा बंद झाला, ते घरात सगळ्यांनाच कळलं. आत्या म्हणाली, त्याला मुलाचं शिक्षण आहे, कुणी विषय काढू नका."

म्हणजे ती पेटी ज्याच्यापासून बंद होती असा घरात मी एकटाच होतो. आणि तीही आत्याने लावलेल्या कुलपाने नव्हे.

त्या किल्लीवाल्याचा प्रश्न मला अजून पुरता सुटलेला नाही. पेटी कुणाची? कागदोपत्री आमची. पण ज्या वस्तूच्या आत आपल्याविरुद्धची साक्ष इतक्या नीटपणे, दोऱ्याने बांधून, कुणाला न दाखवता जपलेली असते ती वस्तू आपली होते ती वारसाने नव्हे. ती साक्ष मोठ्याने वाचली तरच होते. एवढे मात्र मला उमगले आहे : किल्ली हरवल्यावर कुलूप उघडावे की उघडू नये, याला एकच एक उत्तर नाही. दोन्ही बाजूंना सभ्य कारणे मिळतात, आणि मनाला ती फार लवकर मिळतात. त्या वेळी स्वतःला एवढेच विचारावे, की हे करताना मला शेजारी कुणी बसलेले चालेल का. आणि जिची पेटी आहे तीच दारात येऊन उभी राहिली तर माझे हे सुंदर भाषण मी तिच्यासमोर पुन्हा म्हणू शकेन का?

पेटी आता माजघरात आहे. दादाने वाशे बदलले. कुपने मी त्याच वर्षी परत नेऊन तिच्यात ठेवली. कुलूप तेच आहे, पण ते आम्ही लावत नाही. नुसते कोयंड्यात अडकवून ठेवतो, आणि किल्ली शेजारीच खुंटीला टांगलेली असते.